गुंड, गडवा आणि मालगुजाराचा वाडा

दिवाळी तोंडावर आली की भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पितळ खाली उतरते. चिंच आणि राख लावून घासलेली भांडी मागच्या सांदवाडीत उन्हाला पालथी पडतात. पाण्याचा गुंड, पाहुण्याच्या हाती द्यायचा गडवा, वरणाचा गंज, परातीसारखी पसरट कोपर. पुण्याकडच्या माणसाला यातले निम्मे शब्द समजावून सांगावे लागतात. नागपूरच्या नव्या पिढीलाही आता लागतात.

ऊन सरल्यावर काही घरांत ही भांडी परत माळ्यावर जातात. काही घरांत जात नाहीत, ती मोडीच्या दुकानाची वाट धरतात. तिथल्या काट्याला गुंड आणि नळाची तुटकी तोटी सारखीच. पण गुंडाच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं. कुणाचं, कुठल्या गावचं, कधी लग्नाचं साल, कधी आहेर देणाऱ्या मामाचं नाव. सासरी आलेल्या कितीतरी बायांचं नाव लिहून ठेवलेली घरातली एकमेव जागा ही असायची. सातबारावर त्या नव्हत्या, वाड्याच्या पाटीवर नव्हत्या. भट्टीत गुंड वितळतो तेव्हा तो लेखही वितळतो आणि त्याची नक्कल कुठल्याच कचेरीत नसते.

भंडाऱ्यात ही गोष्ट जास्त लागते, कारण हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं गेलं. गावाच्या नावातही लोक पितळ शोधतात. भाण म्हणजे पितळ, त्यावरून भाणारा आणि पुढे भंडारा, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. व्युत्पत्ती कितपत पक्की ते भाषातज्ज्ञ ठरवोत, नाव मात्र जुनं आहे. कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या रतनपूर शिलालेखात खंडणी देणाऱ्या मुलखांमध्ये भाणार हे नाव येतं. नऊशे वर्षं नाव टिकवलेल्या गावात भांडी मात्र वजनावर चालली आहेत.

घरातली भांडी हा इतिहास असतो, हे मराठी मुलखाला एका चष्म्याच्या दुकानदारानं दाखवून दिलं. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा, नाद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला आणि १९९० साली त्यांनी डोळे मिटले तोवर तो सुटला नाही. ते खेड्यापाड्यांतून हिंडले, जुन्या बाजारात बसले, मोडकळीला आलेल्या वाड्यांच्या मालकांशी बोलले. राजदरबारच्या वस्तू जमवणारे पुष्कळ होते. केळकरांची नजर स्वयंपाकघरात, देवघरात आणि न्हाणीत गेली. अडकित्ते, समया, लामणदिवे, पानाचे डबे, दौती, फण्या, गंजिफा, वाद्यं आणि अंघोळीला टाच घासायच्या वज्र्या. अंग घासायच्या साध्या वस्तूवर पाखरू बसवणारा कारागीर आणि ते पाखरू निवडून घेणारी बाई, या दोघांचीही दखल तोपर्यंत कोणी घेतली नव्हती.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या नातूबागेत, बाजीराव रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर असलेलं केळकरांचं संग्रहालय त्याच्या नावानं उभं आहे. पुढे केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. एका कुटुंबानं आपल्या घरात जमवलेलं साऱ्या राज्याचं झालं, ही घटना मराठी माणसाला जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही. शाळांच्या सहली शनिवारवाड्याच्या तटावरून परत फिरतात. त्यातल्या प्रत्येक मुलाला केळकरांच्या अडकित्त्यांसमोर पाच मिनिटं उभं करायला हवं.

तरीही केळकर संग्रहालयात हिंडताना एक गोष्ट मनाला टोचत राहते. वस्तू वाचली, तिचं घर वाचलं नाही. समई कुठल्या कोनाड्यात तेवत होती, पानाचा डबा कोणत्या ओसरीवर फिरत होता, हे काचेमागून कळत नाही. दोष केळकरांचा नाही. वाडे त्यांच्या डोळ्यांदेखत पडत होते आणि हाती येईल ते वाचवणं एवढंच त्यांच्या हाती होतं. कोथरूडला असलेल्या मस्तानीच्या महालाचं लाकूडकाम त्यांनी उचलून आणलं आणि संग्रहालयातच त्याची दालनात जुळणी केली. अख्खं घरच हलवून वाचवण्याची ही रीत युरोपातही रुजली होती. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातली शेतकऱ्यांची घरं सोडवून तिथे पुन्हा उभी केली. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात टेकडीच्या उतारावर आदिवासींची घरं जवळपास त्याच विचारानं उभी राहिली.

दुसरी वाट म्हणजे घर आहे तिथेच, आहे तसं सांभाळायचं. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं स्थापनेच्या पुढच्याच वर्षी, १८९६ साली, विकत घेतलेली पहिली वास्तू राजवाडा नव्हती. आल्फ्रिस्टन नावाच्या खेड्यातलं ते गवती छपराचं, लाकडी सांगाड्याचं मध्ययुगीन घर होतं. किंमत पडली दहा पौंड. पुढे मोठमोठे महाल सांभाळणाऱ्या संस्थेची सुरुवात एका पडक्या घराच्या डागडुजीनं झाली.

मातीचं घर असं किती वर्षं टिकणार, ही शंका विदर्भात कोणी काढू नये. तिचं उत्तर वर्ध्याजवळ उभं आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला आले. १९४० साली या गावाचं सेवाग्राम झालं. घर बांधायचं तर गावच्या सामानातून, गावच्या हातांनी आणि शंभर रुपयांच्या आत, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. आधी आदिनिवास झालं. मग गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी पुढे बापूकुटी झाली. तिच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं अजून दिसतात. आत चटई आहे, बसकं मेज आहे. आश्रमात साप धरून लांब सोडून यायचा चिमटा आणि पेटी आहे. व्हाइसरॉयला बोलता यावं म्हणून सरकारनं बसवलेला टेलिफोनही आहे. त्या काळच्या हिंदुस्थानचं राजकारण किती कमी जागेत मावत होतं, ते चिमटा आणि टेलिफोन या दोन वस्तूंच्या शेजारावरून कळतं.

पण सेवाग्रामचा खरा धडा भिंतीत आहे. मातीची भिंत एकदा बांधून भागत नाही, तिला लिंपण लागतं. पावसाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, वाळवीवर नजर ठेवावी लागते. त्यासाठी शेण-मातीचं प्रमाण ठाऊक असलेला हात लागतो आणि तो हात पुढच्या पिढीत तयार करावा लागतो. सिमेंटची डागडुजी अशा घराला मारक ठरते. माती श्वास घेते, वरचा सिमेंटचा थर ओल आत कोंडतो आणि काही पावसाळ्यांत भिंत आतून भुसभुशीत होते. भंडाऱ्याचे वाडे ज्यांना वाचवायचे आहेत त्यांनी वास्तुरचनाकाराला बोलावण्याआधी गावातला लिंपण करणारा आणि कवेलू फेरणारा माणूस शोधावा.

भंडाऱ्याचा वाडा पेशवाईतला नाही, त्याची जन्मकथा वेगळी आहे. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच दशकातल्या जमीन बंदोबस्तात इंग्रजांनी गावोगावच्या पाटलांना, वसुली करणाऱ्यांना मालकी हक्क बहाल केले. काल जो सरकारासाठी लगान गोळा करत होता तो आज गावाचा धनी झाला. त्याचं नाव मालगुजार. पोवार, लोधी, कोहळी, कुणबी, ब्राह्मण, कुठे गोंड, अशा अनेक समाजांतले मालगुजार या जिल्ह्यात झाले. वऱ्हाडात रयतवारी, इथे मालगुजारी. एकाच विदर्भाच्या दोन भागांत घरांची ठेवण आणि माणसांची एकमेकांशी बोलण्याची रीतसुद्धा त्यामुळे वेगळी झाली.

गावात शिरताच मालगुजाराचा वाडा ओळखू यायचा. सागवानी खांबांची लांब ओसरी, तिच्यावर बैठक. लगान इथेच भरायचा, भांडणं इथेच मिटायची, साहेबाचा दौरा आला तर तंबूआधी निरोप इथेच यायचा. आत माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली. कोठारात बांबूच्या विणीवर शेणमाती सारवलेल्या ढोल्या आणि त्यांत वर्षभराचं धान. मोजायला कुडव आणि पायली, हिशेब खंडीचा. मागे सांदवाडी, तिथे विहीर, गोठा आणि गड्यांचं येणं-जाणं. पुढचं दार आणि मागचं दार यांच्यामधल्या तीस-चाळीस पावलांत सारं गाव उभं असायचं. पुढून कोण यायचं आणि मागून कोण, हे जन्माच्या वेळीच ठरलेलं असायचं.

ही शेवटची गोष्ट झाकून वाडा जपायचा असेल तर न जपलेला बरा. वाडा म्हणजे वैभव, नक्षीकाम आणि पंगती, एवढंच मांडणारं संग्रहालय ज्यांच्या वेठीवर ते वैभव उभं होतं त्यांच्या नातवंडांना परकं वाटेल आणि ते वाटणं बरोबरच असेल. पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा या बाबतीत वाट दाखवतो. तिथे बघण्यासारखं नक्षीकाम फारसं नाही. अंगणात जोतिरावांची समाधी आहे, तुळस आहे आणि एक हौद आहे. १८६८ साली जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी हा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुला केला. एका घराचं पाणी कोणी भरावं या प्रश्नावर त्या घरानं घेतलेली बाजू, हे त्या वास्तूचं सगळ्यात मोठं दालन आहे. मालगुजाराच्या वाड्यातली विहीरही असाच प्रश्न विचारते. उत्तर अवघड असलं तरी पाटीवर ते लिहायला हवं.

भंडाऱ्याला या प्रश्नाचा स्वतःचा इतिहास आहे. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ते पराभूत झाले, सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी अशोक मेहतांनी जिंकली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला त्यांच्या नेतृत्वाखाली बौद्ध धम्मदीक्षा झाली आणि या जिल्ह्यातली गावंच्या गावं बदलली. त्या निवडणुकीतली पत्रकं, धम्मदीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं, वाटेत शिदोरीला नेलेला डबा, असल्या वस्तू वाड्यात सापडणार नाहीत. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरांतल्या पेट्यांमध्ये सापडतील. भंडाऱ्याचं घर-संग्रहालय उभं करणाऱ्याला दोन्ही टोकांची दारं ठोठावावी लागतील.

वाड्यातल्या वस्तूंइतकीच, खरं तर त्याहून मोलाची चीज लोखंडी पेटीत असते. कागद. याबाबत मराठी मुलखातलं ठळक उदाहरण वाईजवळच्या मेणवलीचं. नाना फडणविसांना ही जागा १७६८ साली मिळाली. कृष्णेच्या काठी त्यांनी घाट, देवळं आणि सहा चौकांचा वाडा उठवला. घाटावरच्या देवळात टांगलेली घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मिळालेली, पोर्तुगिजांच्या चर्चमधली. माणसं ती बघायला जातात. पण मेणवलीचं नाव इतिहासकारांच्या तोंडी राहिलं ते दप्तरामुळे. रुमालांत बांधून ठेवलेले नानांचे मोडी लिपीतले कागद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले, पुढे सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयाबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आज जे लिहिलं जातं त्याचा मोठा आधार एका घरानं न जाळता, न विकता ठेवलेल्या या रुमालांत आहे.

मालगुजाराच्या पेटीतले कागद इतक्या मोठ्या माणसांचे नसतात. बंदोबस्ताचे नकाशे, लगानाच्या पावत्या, कर्जरोखे, सीर म्हणजे मालगुजाराच्या खासगी जमिनीचे वाद. त्यांत एक कागद असा असतो की त्यावर अख्ख्या गावाचा हक्क असावा. तो म्हणजे वाजिब-उल-अर्ज, गावच्या वहिवाटीची नोंद. जंगलातून सरपण कोणी आणायचं, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कोणाला किती, मोहाची फुलं कोणी वेचायची. या हक्कांना निस्तार म्हणतात. निस्तार हा शब्द झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, आजही जिवंत आहे, कारण प्रश्न जिवंत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार हक्कांचा नावानिशी उल्लेख आहे. गावानं सामूहिक दावा दाखल करताना जुने बंदोबस्ताचे कागद, नकाशे, गॅझेटियरमधल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. एखाद्या वाड्याच्या पेटीत वाळवी खात असलेला कागद त्याच गावाच्या ग्रामसभेला जंगल मिळवून देऊ शकतो. अशा घराला संग्रहालय म्हणताना स्मरणरंजनाचा भाव बाजूला ठेवावा लागतो. ते गावाचं दप्तर आहे.

आणि आता तलाव.

भंडाऱ्यातलं कुठलंही जुनं घर तलावाशिवाय समजत नाही. झाडीपट्टीत पाऊस चांगला पडतो. पण तो धानाच्या सोयीनं पडेलच असं नाही. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, बांधी म्हणजे धानाची शेतं हिरवीगार झाली, आणि धान निसवायच्या वेळी, ऐन आश्विनात, आभाळ कोरडं पडतं. तेव्हा तलाव हवा. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधले. दोन टेकड्यांमधली खळगी हेरायची, मातीची पाळ घालायची, वरच्या तलावातलं जादा पाणी खालच्या तलावात उतरवायचं आणि पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, ते बांधीत सोडायचं. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात आणि आता गोंदियात असलेला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातल्याचं सांगतात. लोकांनी त्यांना देव केलं. कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं बांधाजवळच आहे. तलाव बांधणाऱ्याला देवत्व देणारा हा मुलूख आहे, हे भंडाऱ्याच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहायला हवं.

मालगुजारी आली तसे तलाव मालगुजाराच्या नावावर गेले. पाळ सांभाळणं, गाळ काढणं ही त्याची जबाबदारी झाली आणि गावानं त्यासाठी अंगमेहनत द्यायची रीत पडली. १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कायदा न्यायाचा होता, त्यात शंका नाही. पण वाडा आणि तलाव यांची ताटातूट झाल्यावर तलावाला वाली उरला नाही. वाडा ज्यांच्याकडे राहिला त्यांना तलावात रस नव्हता, आणि ज्यांचं पोट तलावावर होतं त्यांच्याकडे पाळ बांधायला पैसा नव्हता. पूर्व विदर्भातल्या अशा सहा हजारांहून अधिक तलावांना सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव हे नाव पडलं. लोकांनी त्याचं मामा तलाव केलं. नात्यातलं वाटावं असं नाव मिळालं, पण कितीतरी तलावांत गाळ भरत गेला, बेशरमाची झुडपं माजली, कडेनं अतिक्रमणं झाली.

तलाव जिवंत ठेवायचा तर त्याचा जाणकार लागतो आणि भंडाऱ्यात तो मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेनं ढिवरांच्या मच्छीमार संस्थांसोबत तलावांवर वर्षानुवर्षं काम केलं. बेशरम उपटायचं, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, स्थानिक मासे परत आणायचे. मासे कुठल्या गवतात अंडी घालतात, कुठली वनस्पती पाखरांना हवी असते, हे पुस्तकात कमी आणि ढिवरांच्या तोंडी जास्त होतं. तलावात आपोआप उगवणाऱ्या रानभाताला इथे देवधान म्हणतात. धानाच्या या रानटी भावंडाची ओळख असलेली माणसं हेच चालतं-बोलतं संग्रहालय आहे. वाड्यातल्या ढोलीशेजारी त्यांचं जाळं टांगलं आणि तुडूम कसं उघडतात ते एखाद्या वृद्ध ढिवराच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलं, तर त्या घरात शिरणाऱ्या मुलाला आपल्या ताटातला भात कुठून आला ते पहिल्यांदा कळेल.

घर-संग्रहालय काढायचं म्हणजे वाड्याला रंग द्यायचा, दोन बंदुका आणि पालखी मांडायची, अशी एक कल्पना सर्वत्र दिसते. भंडाऱ्यात ती चालू नये. इथे वाडा, तलाव आणि मधली वाट मिळून एक वास्तू होते. तिकीट वाड्यात फाडा, पण फिरणं पाळीवर संपू द्या.

बाहेर गेलेलं परत आणण्याचा प्रश्नही आहे. पवनी हे या जिल्ह्याचं सगळ्यात जुनं नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि सांचीच्या मोठ्या स्तूपाशी ज्याच्या घेराची तुलना होते असा बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूपाच्या कठड्याचे दगडी खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एक खांब दान केला आणि नाव कोरून घेतलं. गुंडावर नाव घालून घेणाऱ्या बाईची आणि त्या दात्याची इच्छा एकच आहे. उत्खननातून निघालेलं बरंचसं अभ्यासासाठी नागपूरला गेलं. ते रास्तही होतं, कारण सांभाळायची सोय तिथे होती. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभं आहे. पण पवनीच्या मुलाला पवनीचा खांब बघायला बसनं नागपूर गाठावं लागतं. निदान ठसे, छायाचित्रं आणि त्या नावांचं वाचन पवनीच्या एखाद्या जुन्या घरात लावणं अवघड नाही.

पवनी तालुक्यातलीच दुसरी आठवण पाण्याखाली आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झाली. वैनगंगेचं पाणी अडलं तशी अनेक गावं उठली. गाव उठतं तेव्हा माणसं दाराच्या चौकटी, खांब, कवेलू काढून सोबत नेतात. पुनर्वसन वसाहतीतल्या सिमेंटच्या घराला कधी जुनं नक्षीदार दार दिसतं आणि ते भिंतीशी जुळत नाही. हाझेलियसनं स्वीडनमध्ये घरं हलवली ती जपण्यासाठी, इथे माणसांना ती नाइलाजानं हलवावी लागली. त्या चौकटींवर उठलेल्या गावाचं नाव लिहायला कोणी पुढे आलं तर फार मोठं काम होईल.

कायद्याकडून फार आशा धरता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. तिच्या निर्यातीला मनाई आहे, व्यापाराला परवाना लागतो. चोरट्या विक्रीला हा कायदा आडवा येतो. पण आजीची कोपर वितळवायला निघालेल्या नातवाला तो अडवायला येत नाही. वाड्याचंही तसंच. राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत किल्ले, देवळं, लेणी येतात. जेमतेम शे-सव्वाशे वर्षांचा, दहा भावांत वाटणी झालेला वाडा त्या यादीत येणं कठीण. वाटणीत एकाच्या वाट्याला ओसरी, दुसऱ्याच्या वाट्याला माजघर, तिसऱ्याचा मुलगा पुण्याला. मधोमध विटांची भिंत उठते आणि ज्या चौकातून सगळ्या घराला उजेड मिळायचा तो अर्धा होतो. केळकरांचं श्रेष्ठत्व इथे पुन्हा आठवतं. त्यांनी वाटणी होऊ दिली नाही, सगळं एका हातानं दिलं.

म्हणून सुरुवात इमारतीपासून न करता शब्दांपासून करणं शहाणपणाचं. गंज, गडवा, ढोली, तुडूम, बांधी, कुडव. झाडीबोलीतले हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत अशी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. एका वहीत वस्तूचं नाव, ती कोणाची, कुठून आली, तिच्यावर काय लिहिलंय, ती कशी वापरायची, एवढं उतरवलं आणि मोबाइलवर तिचा फोटो घेतला, तरी वस्तू पुढे मोडीत गेली तर निदान लेख उरतो. गावातल्या शाळेची नववीची मुलं दिवाळीच्या सुट्टीत हे करू शकतात. त्या सुट्टीसारखा मुहूर्त दुसरा नाही, कारण भाऊबीज झाली की मंडई लागते.

मंडई हा भंडारा-गोंदियाचा खास सण. पंचांगात तो सापडायचा नाही. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे पाहुण्यांना आज या गावी आणि उद्या त्या गावी जाता येतं. लेकी माहेरी येतात, नागपूर-पुण्याला गेलेले भाऊ येतात. दुपारी दंडार, संध्याकाळी बाजार, रात्री मंडप ठोकून झाडीपट्टीचं नाटक, ते पहाटेपर्यंत. वर्षभर कुलूप लागलेले वाडे या चार दिवसांत उघडतात. ओसरी झाडली जाते, जाजम पडतं, ढोलीमागची उंदरांची घाण निघते. माळ्यावरची पितळ आधीच घासून ठेवलेली असते.

दमून आलेल्या पाहुण्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं जातं. गुंडातून गडव्यात, गडव्यातून ओंजळीत किंवा आता स्टीलच्या पेल्यात. एखादी नात गुंड उचलताना गळ्याशी बोट फिरवते, टिंबं चाचपते आणि अक्षरं जुळवून मोठ्यानं नाव वाचते. मग आजीला विचारते, ही कोण?